साठावा सेकंद आणि आमची ताई

...नाही, वीज गेली असती तर मी समजू शकलो असतो, छत कोसळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण एक सेकंद? अहो, एका सेकंदात धड शिंकसुद्धा पूर्ण होत नाही! आणि त्याच्यापायी अख्खं विमानतळ ठप्प!

तुम्हाला सांगतो, मी विमानतळावरच्या चेक-इनचं सॉफ्टवेअर सांभाळतो. म्हणजे तुम्हाला बोर्डिंग पास मिळाला तर मला कोणी विचारत नाही, नाही मिळाला तर... जाऊ दे! तर आपली पृथ्वी फिरते जरा रमतगमत, घाई कसली तिला? मग शास्त्रज्ञ काय करतात, मधूनच कधीतरी घड्याळात एक सेकंद जास्तीचा घालतात. एरवी एकोणसाठनंतर थेट शून्य, पण त्या दिवशी एकोणसाठ, साठ, मग शून्य. आमच्या टीममधले काका, निवृत्तीला आलेले, दोन महिने माझ्या मागे लागले होते, "अरे, तो साठावा सेकंद एकदा तपासून बघ रे बाबा." मी म्हटलं, "काका, एका सेकंदानं काय होतंय?"

काय होतंय! त्या सकाळी तो सेकंद आला आणि सगळे सर्व्हर येडे झाले. प्रोग्रामला सांगावं 'जरा थांब', तर तो 'थांबलो की!' म्हणून लगेच उठून उभा, परत 'थांब', परत 'थांबलो की!'... हजारो वेळा! मशीनं तापली, पंखे घोंगावायला लागले, काउंटरवर एक पास निघेना. एका सेकंदापायी हो!

आणि रांगेत पहिलं कोण? आमची ताई! तीन वर्षं धडपडून नोकरीची शेवटची मुलाखत, त्याच दुपारी, दुसऱ्या शहरात. बिचारी घरूनच पास काढत होती, मीच शहाणा, "काउंटरवर घे गं, आपलंच सॉफ्टवेअर आहे!"

फोन आला. "काय रे, हेच का तुमचं सॉफ्टवेअर?"

"ताई, तो एक सेकंद..."

"चाळीस मिनिटं झालीत!"

"अगं, एक सेकंद म्हणजे तसा एक सेकंद नाही..."

"मला शिकवू नकोस!"

इकडे साहेब डोक्यावर. "बंद करून चालू करा!" साहेब, अडीचशे सर्व्हर आहेत, दुपार होईल! "मग अर्धेच करा!" म्हणजे अर्धं विमान उडवायचं?

शेवटी काका आले, चष्मा पुसला, आणि माझ्या कीबोर्डवरून सगळ्या मशीनना सांगितलं, किती वाजलेत ते. बस्स! जे वाजले होते तेच! खरं सांगतो, तीच वेळ पुन्हा सांगितली आणि सगळी गरीब गाईसारखी गप्प. एका सेकंदात!

पण घरून पास काढून आलेल्या हुशार लोकांना घेऊन विमान केव्हाच उडालं होतं. मुलाखत गेली. ताई रडली नाही हो, रडली असती तर बरं झालं असतं. तिथेच बाकावर बसून तिनं चार पानी तक्रार लिहिली. कितव्या मिनिटाला कुठलं काउंटर मेलं, पडद्यावर काय दिसलं, कोण कोण थापा मारत होतं... माझ्या थापा वेगळ्या कागदावर!

साहेबांनी ती वाचली, दोनदा वाचली, म्हणाले, "इतकं बारीक आपल्याकडे कोण बघतं?" आणि तिलाच बोलावलं की मुलाखतीला!

आता माझं सगळं काम ताई तपासते. काल म्हटलं, "ताई, जेवायला येतेस?" तर मान वर न करता म्हणते, "ऑफिसात मॅडम म्हणायचं. आणि तुझ्या अठरा चुका निघाल्यात, जेवायला कुठं निघालास?"