शेपटीचा सत्कार

श्रीनाथ : ...‘आणि अशा रीतीनं हॉलिवूडच्या नभांगणात तळपणारा हा मराठी तारा आज आपल्या ऑकलंडच्या भूमीवर अवतरला आहे.’ इथे टाळ्या. टाळ्या थांबल्या की तू उठायचं आणि नमस्कार करायचा.

अभिषेक : मामा, मी इथे शेपटीचं काम करायला आलोय.

श्रीनाथ : ते कशाला सांगायचं?

अभिषेक : कारण तेच खरं आहे. एक भलामोठा राक्षस आहे, त्याची शेपटी. आत आम्ही चौघं असतो. तोंडात टेवीटा म्हणून सामोआ बेटावरचा एक जण आहे. तो दर टेकनंतर ओरडून विचारतो, ‘ब्रो, मागे स्वीट अ‍ॅज?’ म्हणजे, मागे सगळं ठीक ना? बस, एवढाच संवाद. तोही माझा नाही.

श्रीनाथ : मी ते व्यवस्थित बसवलंय. हे बघ. ‘भव्य चित्रमालिकेतील एक महत्त्वपूर्ण अंग.’

अभिषेक : म्हणजे मी शेपटी आहे हे तुला माहिती होतं!

श्रीनाथ : इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे मी. पाहुण्याचा परिचय करून द्यायचा म्हणजे त्याला उघडं पाडायचं नसतं. पुढे ऐक. ‘जगप्रसिद्ध नटांसोबत त्यांची नेहमी उठबस असते. एका नामांकित पुरस्कार सोहळ्यात ते पहिल्या रांगेत आसनस्थ होते.’

अभिषेक : मामा, त्या समारंभात मोठा नट बाथरूमला गेला की त्याची खुर्ची टीव्हीवर रिकामी दिसते. ती दिसू नये म्हणून भाड्याची माणसं आणून बसवतात. तो मी.

श्रीनाथ : पण पहिल्या रांगेतच ना?

अभिषेक : पहिल्या रांगेतच. एकाचं पोट बिघडलं होतं म्हणून जरा जास्त वेळ.

श्रीनाथ : मग चूक काय त्यात? ‘औषधनिर्मिती क्षेत्रातील एका अग्रगण्य कंपनीचा ते चेहरा होते.’

अभिषेक : गॅसच्या गोळ्यांची जाहिरात. ‘गोळी घेण्यापूर्वी’ तो मी. ‘गोळी घेतल्यावर’ वेगळा नट होता. उंच.

श्रीनाथ : ‘अत्यंत लोकप्रिय मालिकेत सलग चार वर्षं...’

अभिषेक : मान!

श्रीनाथ : मान मिळाला म्हणतोस?

अभिषेक : मान दिसली म्हणतो. टॅक्सी ड्रायव्हर होतो. हीरो-हिरॉइन मागे भांडायचे आणि पुढे माझी मान. माझं करिअर बघ ना मामा, मानेपासून सुरू झालं, आता शेपटीपर्यंत आलंय. पुढे सरकायला अंगच उरलेलं नाही.

श्रीनाथ : तू ना, उगाच स्वतःला कमी लेखतोस.

अभिषेक : कमी लेखतो म्हणून तर लोक मला पैसे देतात! माझा सगळा विनोदी कार्यक्रम त्यावर आहे. मी उभा राहतो आणि सांगतो, मी मान होतो, मी गॅस होतो, मी खुर्ची होतो. लोक हसतात. आता तू आधी अर्धा तास मला तारा करणार. गळ्यात हार, खांद्यावर शाल, एका हातात नारळ. मग मी म्हणणार, मी शेपटी आहे. कोण हसेल? लोक म्हणतील, केवढा विनयशील आहे बघा.

श्रीनाथ : म्हणू देत की. मग तू दुसरे विनोद सांग. नवरा-बायकोचे सांग.

अभिषेक : मला बायको नाही.

श्रीनाथ : तेही लिहिलंय. ‘कलेलाच सर्वस्व अर्पण केल्यामुळे...’

अभिषेक : मामा, हे सगळं तुला सांगितलं कोणी? मी तर नाही.

श्रीनाथ : कोणी म्हणजे... असतं रे. माहिती मिळते.

अभिषेक : कुठून?

श्रीनाथ : ताईनं सांगितलं.

अभिषेक : आईनं?

श्रीनाथ : हळू बोल, आंघोळीला गेलीये. हे आजचं नाही, अभिषेक. दर रविवारी ताईचा ओहायोहून फोन यायचा, त्यात तुझी बातमी असायची. मी ती मंडळात सांगायचो. नाही म्हटलं तरी थोडी वाढवून. आमच्या शशिकांतनं तुला हॉलिवूडचा म्हणून मंडळाच्या न्यूजलेटरमध्ये छापलं. मंडळातल्या सुलेखाच्या मुलीनं शाळेत तुझ्यावर प्रोजेक्ट केलाय. बक्षीस मिळालं तिला.

अभिषेक : माझ्यावर? मला माझ्यावर कधी बक्षीस मिळालं नाही!

श्रीनाथ : आता ऐक. आज संध्याकाळी माउंट रॉस्किलच्या त्या हॉलमध्ये ही सगळी माणसं येणार. तू तुझं मान, गॅस वगैरे सांगशील, टाळ्या घेशील आणि मंगळवारी तुझ्या विमानात बसशील. भाऊजी गेल्यापासून ताई आता इथेच आहे, आमच्याकडे, कायमची. तिला याच बायकांमध्ये हळदीकुंकवाला जायचंय, देवळात जायचंय. त्यांच्यासमोर तू तिला खोटं पाडणार?

अभिषेक : मला काय माहिती होतं? मी तिला दर वेळी खरंच सांगायचो. म्हणजे... मान म्हणून नाही सांगितलं. ‘छोटा रोल आहे’ म्हणायचो.

श्रीनाथ : झालं तर. तू छोटा म्हणालास, तिनं मोठा म्हटलं.

अभिषेक : मग मी येतच नाही. घसा बसला म्हणून सांग.

श्रीनाथ : आणि करमणुकीला काय ठेवू? गेल्या वर्षी पाहुणे आले नाहीत तेव्हा मी बासरी वाजवली होती. लोकांनी गाड्या काढल्या.

अभिषेक : खरं बोललो तर आई खोटी पडते. नाही बोललो तर माझ्याकडे बोलायला काहीच नाही. उभं राहून नारळ दाखवू?

(अनुराधा ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून येते.)

अनुराधा : श्रीनाथ, तुमच्या या देशात भिंती पुठ्ठ्याच्या करतात का रे? न्हाणीघरात शब्द न् शब्द ऐकू येतो.

श्रीनाथ : ताई, आम्ही आपलं सहज...

अनुराधा : तू गप्प बस. अभि, तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? ती टॅक्सीची मालिका आम्ही रोज बघायचो. मानेवरचा तीळ माझ्या ओळखीचा आहे.

अभिषेक : मग तसं सांगायचंस ना!

अनुराधा : कोणाला? तिकडे शेजारच्या मधूच्या आईनं विचारलं, मुलगा काय करतो? म्हटलं, टीव्हीवर असतो. ती म्हणाली, कोण असतो? आता मान असतो असं कसं सांगू? म्हटलं, मुख्य असतो. मग एकीला मुख्य सांगितल्यावर दुसरीला कमी सांगता येईना.

अभिषेक : म्हणजे तू सगळं बघितलंयस?

अनुराधा : सगळं. तू न सांगितलेलंसुद्धा. त्या पोलिसांच्या मालिकेत तू नदीकाठी पडलेला होतास ना, प्रेत म्हणून?

अभिषेक : आई, प्रेताचं काय सांगायचं? ‘बघ हं, आज मी मेलोय’ असं?

अनुराधा : सांगायचं होतंस. आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा ताट सोडून उठले, अगदी टीव्हीला नाक लावून उभे राहिले. मला म्हणाले, घाबरू नकोस, पोट हलतंय त्याचं. मग जेवलो आम्ही.

अभिषेक : ...दिग्दर्शक पण ओरडला होता. पोट हलतंय म्हणून.

अनुराधा : त्याला काय कळतंय!

श्रीनाथ : ताई, ते सगळं ठीक, पण संध्याकाळचं काय? मी परिचय कोणता वाचू?

अनुराधा : तू वाचूच नकोस. परिचय मी करून देते.

श्रीनाथ : अगं, असं नसतं. पाहुण्याचा परिचय त्याच्या आईनं करून द्यायचा नसतो. अध्यक्ष नाहीतर सेक्रेटरी.

अनुराधा : तू त्याला शाल घाल. नारळही तूच धर, म्हणजे त्याचे हात मोकळे राहतील. मी जे इतकी वर्षं सांगत आले तेच सांगते, माइकवर. आणि अभि, तू माझ्या शेजारी उभा राहा. मी वाक्य संपवलं की तू खरं काय ते बोल.

अभिषेक : काय?

अनुराधा : करून बघू. ‘माझा मुलगा अमेरिकेत खूप मोठा नट आहे.’

अभिषेक : पाच फूट चार.

अनुराधा : ‘मोठमोठ्या नटांबरोबर त्याची उठबस आहे.’

अभिषेक : ते उठतात, मी बसतो.

श्रीनाथ : अरे! अरे, हे बरं आहे की!

अनुराधा : ‘त्याला कामातून फुरसत मिळत नाही.’

अभिषेक : कामालाच मिळत नाही, आई. माझ्यासाठी. ...थांब, नको. लोक तुला हसतील. मला नाही, तुला. खोटं बोलते म्हणून.

अनुराधा : हसू देत की. तिकडच्या काय नि इथल्या काय, बायका इतकी वर्षं नुसत्या ‘हो का, हो का’ करत माना डोलावतात. विश्वास एकीचाही नाही बसलेला.

श्रीनाथ : सुलेखाचा बसलाय.

अनुराधा : सुलेखाला मी वेगळं बोलावून सांगेन. अभि, मला एक सांग. लोकांसमोर उभं राहिलं की पाय कापतात का रे?

अभिषेक : कापतात.

अनुराधा : अजून? इतकी वर्षं झाली तरी?

अभिषेक : दर वेळी.

अनुराधा : बरं. मग मी साडी जरा पायघोळ नेसते.