काखेतला रुमाल

रविवारी साहेबांबरोबर गोल्फ खेळायला मिळालं, तर नंदकुमारची बढती पक्की होती. आड आलं होतं ते दुखरं मनगट. वाशीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या जयमालाबाईंना, सन चौऱ्याऐंशीच्या त्या भर दुपारी, एवढं शेजारच्या बाकावरून आयतंच कळलं.

“प्लास्टर घातलं तर मेलोच, गोटीराम.”

“थांबा वो. धा वर्सं चेंबूरला साहेब लोकांच्या गोल्फच्या काठ्या उचलतोय मी. कसा मारता, दाखवा. बाय, जरा छत्री द्या.”

जयमालाबाईंनी दिली.

“हा बघा! हात अंगापासून लांब पलाला. मग सगला भार मनगटावर येनारच.”

“मग करू काय?”

“काखेत रुमाल धरा. पडू द्यायचा नाय. आता फिरवा. मनगट आपोआप वाकंल, तुमी वाकवू नका.”

“असं? अरे! दुखत नाही!”

“परत.”

“खरंच नाही हो! सुटलो! डॉक्टर कशाला हवा आता?”

“साहेब, बाक हाय तिथं, हलू—”

कडकन आवाज झाला. रुमाल काखेतच होता.

नंदकुमारचा रविवार वाचला, जयमालाबाईंचा नंबर एकाने पुढे सरकला, आणि या सगळ्यापायी मोडली ती त्यांच्याच छत्रीची दांडी.