राजाबाईचा डाव, सर्व हक्क राखून

...आन् वर मलाच विचारत्यात, "मावशी, आता तर खूश ना?" अवो, खूश कशाची होऊ? आमच्या आत्तीच्या नावाचा डाव पुण्यात खपतोय, ठाण्यात खपतोय, कुटं कुटं खपतोय, आन् ज्या बाईचं नाव खोक्यावर छापलंय ती एकटी बाई सोडून सगळा मुलूख खेळतोय. ती बसती ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, आन् नुसती बघती. बिननावाचं बरं चाललं होतं, तुमाला सांगते. लई बरं चाललं होतं.

आत्ती म्हंजे राजाबाई. माझी सासू, पण चुलत, म्हणून तर एवढं पटतं. आमची वस्ती सांगोल्याच्या पलीकडं, माळावर, मेंढरावाल्यांची. तितं पिढ्यान् पिढ्या बायका एक खेळ खेळत आल्यात. पट म्हंजे जुनं घोंगडं, त्याच्यावर पांढऱ्या लोकरीचे टाके घालून घरं पाडायची, आन् मधी एक मोठं घर, ती वाघर. वाघर म्हंजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, तुमी पुण्यामुंबईची माणसं, तुमाला कशी ठावं असणार. चिंचोके म्हंजे मेंढरं, सागरगोटे म्हंजे लांडगे. एकीनं मेंढरं वाघरीत न्यायची, दुसरीनं वाटंत खायची. झालं, एवढाच खेळ. पण एकदा बसून बघा, तव्यावरची भाकरी कोळसा झाली तरी उठवत न्हाय.

आता ह्यात एक नेम हाय आन् सगळा इस्कोट त्या नेमापायी झालाय, म्हणून नीट ऐका. ज्या घरी डाव मांडला, त्या घरच्या बाईनं खेळायचं न्हाय. तिनं चहा करायचा, आन् भांडण लागलं की निवाडा द्यायचा. तिचा शब्द शेवटचा. आन् त्या दिवशी डावाला नाव बी तिचंच. आमच्याकडं अमावस्येला रानातलं काम बंद असतंय, तवा दुपारी बसायचं. ह्या अमावस्येला माझ्या घरी, तर बजाबाईचा डाव. पुढच्या अमावस्येला ईरम्माच्या घरी, तर ईरम्माचा डाव. का म्हणाल तर, जी निवाडा करती तीच खेळायला बसली, तर जिंकणार कोण ते सांगायला पाहिजे का? आमच्या अडाणी बायांनी एवढं बघून ठेवलंय, बाकीच्या जगाला अजून जमंना.

आन् आत्ती... काय सांगू तुमाला. लांडग्याकडनं बसली की डोळं असं बारीक व्हायचं तिचं, तोंडात मिसरीचं बोट, आन् मला म्हणायची, "बजे, माझ्याकडं काय बघतीस, तुझ्या कोकराकडं बघ." कोकराकडं बघेस्तवर कोकरू गेलेलं असायचं. सत्तरी ओलांडलेली बाई, दिसायचं कमी, ऐकायचं कमी, पण पटावर तिच्यापुढं आमी सगळ्या पोरी. आन् खेळायचा सोस एवढा, की तिच्या घरची पाळी आली रे आली की गुडघा दुखायला लागायचा. "बजे, ह्या बारीला तुझ्याच घरी मांड बाई, माझ्यात चहाला दूध न्हाय." आन् मागं दारात शेरडं ओरडत असायची, धारा काढा म्हणून. आमाला काय कळत नव्हतं व्हय? पण म्हातारीला न खेळता बघवायचं न्हाय, म्हणून आमी व्हय म्हणायचो. बिननावाचं बरं चाललं होतं.

मग आली ऋतुजा. माझ्या बहिणीची लेक, पुण्याला शिकलेली, तितंच नोकरीला. पोरगी चांगली हाय, तिला काय बोलत न्हाय मी, पण चांगल्या माणसाला एक खोड असतीया, त्येला काय जपायला दिसलं की हात लावल्याबिगर ऱ्हावत न्हाय. तिनं डाव बघितला, फोटो काढले, तिच्या सरांना दावले. सर आले. देवळाच्या फरशीवर पाणी टाकून, झाडू मारून, गुडघ्यावर बसून बघाय लागले, तर फरशीत असाच पट कोरलेला. आमी जलमभर त्याच्यावर चपला काढत आलो. सर म्हणले, "हा फार जुना खेळ आहे, ह्याचं जतन व्हायला हवं." मी म्हणलं, सर, जतनच चाललंय की, दर अमावस्येला चालतंय. सर हसले. मी हसायला न्हवतं सांगितलं.

पण ऋतुजाच्या डोक्यात भ्या शिरलं. सोलापूरला बचत गटांच्या प्रदर्शनात तिनं बघितलं, कुटल्या तरी तालुक्यातल्या बाया त्यांच्याच गावचा जुना खेळ कापडावर शिवून विकत होत्या, आन् कोण एक जण येऊन म्हणला, हे नाव आमच्या कंपनीचं हाय, बोर्ड उतरवा. त्यांनी उतरवला. स्वतःच्या आज्जीचा खेळ, आन् बोर्ड उतरवला. ते ऐकून माझं बी टाळकं सरकलं, खोटं कशाला बोलू. मी म्हणलं, आमच्यात येऊन बघा कोण बोर्ड उतरवतंय ते. चल ऋतुजा, कुटं जायचं ते चल.

गेलो सोलापूरला, वकिलाकडं. शिवराज वकील, माणूस सभ्य, बोलणं असं सावकाश, जणू दर शब्दाला पावती फाडतोय. "हे बघा बाई, खेळावर कुणाचाही हक्क नसतो. खेळायची पद्धत सगळ्यांची. तुम्ही जी नियमांची पुस्तिका लिहाल ती तुमची, पटाचं जे चित्र काढाल ते तुमचं. आणि नाव. नाव मात्र नोंदवता येतं. तर, खेळाचं नाव काय?"

मी ऋतुजाकडं बघितलं. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. म्हणलं, साहेब, आज म्हणाल तर ईरम्माचा डाव.

"आणि उद्या?"

उद्या कुणाच्या घरी मांडत्यात त्याच्यावर हाय.

वकिलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, घर बदललं की बदलणारं नाव मला सरकारात नोंदवता येणार नाही."

बघा म्हंजे. एवढी वर्सं कुणाचं अडलं न्हवतं. घरी आलो, सगळ्या बाया गोळा केल्या. ईरम्मा अक्कलकोटकडची, निम्मं कानडीत भांडती, तिचं म्हणणं तिच्या घरचा चहा चांगला म्हणून तिचं नाव. दुसरी म्हणाली घोंगडं माझ्या सासूचं. कालवा नुसता. शेवटाला मीच म्हणलं, भांडू नका, थोरलीचा मान थोरलीला, राजाबाईचा डाव. सगळ्या गप झाल्या, कारण मानाला कोण न्हाय म्हणतंय? आन् आत्ती लाजली. ह्या वयात लाजली हो, पदर तोंडाला लावून. जित्या माणसाचं नाव वापरायचं तर त्याची संमती लागती म्हणले वकील, तर गाडी करून सोलापूरला गेली, नवं लुगडं नेसून, आन् सही केली. अंगठा न्हाय, सही. त्या वक्ताला, तुमाला सांगते, आमच्यातल्या एकीच्या बी डोक्यात आलं न्हाय की आपण ह्या बाईच्या घरी डाव कायमचा मांडून ठेवतोय.

मग पुस्तिका. ऋतुजा विचारती, "मावशी, लांडगा तिरका जातो का?" मी म्हणलं जातो. ईरम्मा म्हणली, इल्ला, न्हाय जात. आत्ती म्हणली, मेंढरू कडंला असलं तर जातो. ऋतुजा म्हणली, "मग मी लिहू काय?" आत्ती म्हणली, "ल्ही की, ज्या घरी डाव असंल त्या बाईला इचारायचं." पोरगीनं बिचारीनं तेच लिवलं, शुद्ध भाषेत. "वाद झाल्यास राजाबाईंचा निर्णय अंतिम राहील." आन् खाली काय छापलं? आत्तीचा फोन नंबर.

खोकी आली, आमच्या बी वस्तीच्या बचत गटातल्या बाया पट शिवायला बसल्या, मागणी लागली. आन् आत्तीचा फोन वाजायला लागला. म्हातारी शेरडामागं माळावर, एका हातात काठी, एका हातात फोन. "नमस्कार आजी, ठाण्याहून बोलतोय. आमच्याकडे जरा वाद झालाय. मिसेस म्हणतात माझी मेंढी मेली, मी म्हणतो ती वाघरीत होती." आत्ती म्हणती, "सगळी वाघरीत हुती का शेपूट भाईर हुतं?" माणूस म्हणतो, "आजी, चिंचोक्याला शेपूट कुठलं?" "मग डाव थांबवा, आन् आधी मेंढरू बघून या." फोन बंद. दुसरा फोन. "आजी, निकाल द्या ना प्लीज." आत्ती विचारती, "चहा कुणी केला?" म्हणला, "बाहेरून मागवला." "मग निवाडा बी भाईरनं मागवा." हसायला येतंय न्हवं? मला बी यायचं. पैल्या अमावस्येपतुर यायचं.

त्या अमावस्येला ईरम्माच्या घरी पट मांडला. चिंचोके मांडले, सागरगोटे आत्तीच्या बाजूला ठेवले. आत्ती आली आन् उभीच. म्हणलं, बसा की. म्हणली, "डाव कुणाचा?" ईरम्माचा. "खोक्यावर काय लिवलंय?"

मी म्हणलं, आत्ती, अवो ते खोक्यापुरतं. तर माझ्याकडं अशी बघितली. "सरकारनं शिक्का मारून दिलंय म्हणतीस, मी लुगडं नेसून सही करून आले, ठाण्याची माणसं निवाडा मागत्यात, आन् खोक्यापुरतं व्हय गं? डाव माझा हाय. मी कशी बसू?" मी म्हणलं, मोडा की एक दिस नेम. म्हणली, "नेम मोडून जिंकले तर ते कुटलं जिंकणं?" आन् आत गेली. ईरम्माच्या घरात, ईरम्माच्या चुलीवर, आमच्यासाठी चहा टाकायला. बिननावाचं बरं चाललं होतं हो.

मी खेळले त्या दिवशी. जिंकले बी. जिंकायची सवय न्हाय मला, तोंडाला चवच आली न्हाय.

मी गेले की वकिलाकडं, एकटी गेले, बस बदलून. म्हणलं, काढा ते नाव. शिवराज वकील म्हणले, "बाई, लोक नाव मिळावं म्हणून वर्षानुवर्षं थांबतात." म्हणलं, त्यांना द्या. "तसं देता येत नाही." आन् गटातल्या बाया बी माझ्यावर उलटल्या. "बजाबाई, एका म्हातारीच्या खेळापायी आमच्या हातचं काम घालवतीस?" त्यांचं बी काय चुकलं? त्यांच्या घरात त्या घोंगड्यावर चूल पेटती आता. मलाच कुणाला शिव्या द्याव्या ते कळंना, आन् मला तर शिव्या दिल्याबिगर जेवण जात न्हाय. शेजारच्या वस्तीवर तर खेळच बंद पडलाय. त्या म्हणत्यात, "नको बाई, राजाबाईचं नाव हाय, आमच्या दारात मांडला तर नोटीस यायची." ज्यो खेळ कुणी नेऊ नये म्हणून एवढं केलं, त्यो आमीच पळवला.

आत्तीनं मात्र वाट काढली होती. तिला कुणी तरी सांगितलं, ही नोंद धा वर्सांची असती, मग संपती. तवापासनं बाई बदलली. पोटात चार घास जास्ती जायला लागले. बीपीची गोळी आठवण न करता घेती, सकाळी माळावर चालायला जाती, मिसरी सोडली. मिसरी. नवऱ्यानं सांगून सोडली न्हाय, डॉक्टरनं सांगून सोडली न्हाय. मला म्हणली, "बजे, धा वर्सं कशी बी काढते. मग बसते तुझ्यापुढं. एक कोकरू वाघरीत जाऊ देत न्हाय बघ." मी म्हणलं, काढा, मी बी हितंच हाय. आन् खरं सांगते, मी बी ऱ्हायला लागले की जपून.

परवा वकील स्वतः वस्तीवर आले, पेढे घेऊन. ऋतुजा बी होती. सगळ्यांना पेढा दिला, आत्तीच्या पाया पडले, आन् म्हणले, "आजी, आता काहीच काळजी नको. दहा वर्षं झाली की पुढची दहा, मग त्याच्या पुढची. आम्ही सगळी व्यवस्था करून ठेवली आहे. तुमच्या माघारीसुद्धा हा डाव तुमच्याच नावावर राहील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्तीनं ऐकून घेतलं. हातातला पेढा तसाच कट्ट्यावर ठेवला. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू म्हणली, "म्हंजे मेल्यावर बी मला निवाडाच करायचा?"

मी म्हणलं, वकील तर तसंच म्हणत्यात.

म्हणली, "मग जा, मिसरीची डबी आण."