म्हातारीच्या होडीत सेनापती

...आणि वर मलाच म्हणतात, नायरी, तुझ्यामुळे हरलो! माझ्यामुळे? अहो, पन्नास पत्ते निवडायला मला सात आठवडे लागले, सात! तेवढ्यात माझ्या सुनेचं अख्खं स्वयंपाकघर नवं होऊन झालं, आणि माझे हे खेळगडी म्हणतात, तुझा गठ्ठा म्हणजे नुसती जत्रेतली पिशवी! तुम्हाला सांगते, पत्ते खेळणारी माणसं दोनच प्रकारची. एक जिंकायला बसतात, आणि दुसरी... दुसरी मी एकटीच असेन, निदान आमच्या ओमारू गावात तरी.

आता हा खेळ कसा, तर आपापसात भांडायचंच नाही. तिघांनी एका बाजूला बसायचं आणि खोक्यातून निघणाऱ्या राक्षसांशी, वादळांशी, शापांशी मिळून लढायचं. जिंकलो तर तिघं, बुडालो तर तिघं. प्रत्येकाने आपला पन्नास पत्त्यांचा गठ्ठा घरून लावून आणायचा. आमचा फर्गस शाळेत गणित शिकवतो, तो वहीत आकडेमोड करून लावतो. तेवीता मूळचा टोंगा बेटावरचा, इथे मांसाच्या कारखान्यात सुरी चालवतो, दारातून आत येताना वाकावं लागतं त्याला. त्याच्या गठ्ठ्यात नुसत्या कुऱ्हाडी! "मावशी, पत्ता म्हणजे पत्ता. कापतो की नाही, एवढंच बघायचं!" आणि मी? मी गोष्ट लावते.

म्हणजे बघा, एक म्हातारी नावाडीण आहे. तळ्याकाठी राहते. पलीकडच्या काठाला तिची बहीण, चाळीस वर्षं दोघींचं बोलणं नाही... आणि एक दिवस निरोप येतो, ये. बस, एवढंच! ती होडी काढते. मग मला पितळी कंदील लागतो, धुकं लागतं, एक मुका मेंढपाळ लागतो, त्याचं लंगडं कोकरू लागतं. फर्गस विचारतो, "कोकरू काय करतं?" अरे, काय करतं म्हणजे? कोकरू आहे ते! "नायरी, त्याची ताकद शून्य आहे." असू दे की शून्य, थंडीत तिच्या पायाशी बसतं! "ते काढ आणि सेनापती घाल. एका दमात समोरचं सगळं सैन्य उडवतो." उडवत असेल हो, पण गोष्टीत बसत नाही ना! एवढं चिलखत चढवलेला माणूस त्या होडीत ठेवू कुठे? मग म्हणे अग्निपक्षी घाल. तळ्यावर? त्या धुक्यात? पिसं भिजून सर्दी होईल त्याला! गोष्टीत बसत नाही म्हणजे नाही.

तुम्ही हसाल, पण दुपारी जेवणं झाली की मी टेबलावर पत्ते मांडते, बंदराकडून धुकं येतं, खिडकीला टेकतं, आणि मला वल्ह्याचा आवाज ऐकू येतो. खरंच सांगते. चुळुक... चुळुक... पाणी दुधासारखं, पलीकडचा काठ दिसत नाही, कंदिलाभोवती पिवळा उजेड, त्यात ते कोकरू झोपलंय, आणि म्हातारी मनाशी घोकतेय, बहिणीला पहिलं काय म्हणू? केस पिकले गं तुझे, असं म्हणू? की काहीच नको म्हणायला, नुसता हात धरू?... आणि तेवढ्यात आमचे हे आतून ओरडतात, "नायरी, बटाटे करपतायत का गं?" करपतायत काय, करपलेले असतात.

तर तेवीता निघाला समुद्रापलीकडे, ब्रिस्बेनला. सगळेच जातात हो, पगार तिकडे, ऊन तिकडे! मंगळवारचं विमान. आणि आमच्या खेळाचा शेवटचा अध्याय अजून तसाच, पाच वेळा खेळलो, पाच वेळा हरलो. तर हा एवढा थोरला माणूस बारीक आवाजात मला म्हणतो, "मावशी, जायच्या आधी एकदा जिंकायचंय गं. एकदाच." आता सांगा! घरी आले, बुधवारी कोकरू काढलं. गुरुवारी परत घातलं. शुक्रवारी काढलं, तर दिवसभर म्हातारीचे पाय गार पडल्यासारखे वाटत राहिले... शनिवारी घातलं.

रविवारी दुपारी शेवटचा डाव. चर्चमागची आमची नेहमीची खोली. मी लोणी लावून चीज रोल गरम करायला आत गेले काय, आणि या फर्गसने, लोकांच्या पोरांना शिकवणाऱ्या मास्तराने, माझ्या गठ्ठ्यात सेनापती सारला! आणि कोकरू खिशात घातलं! मला काय पत्ता? मी आपली पिसून खेळतेय. आणि डाव असा चढला म्हणून सांगू! तेवीताच्या कुऱ्हाडी संपल्या, फर्गसने वही मिटली, समोर काळं सैन्य, हात शेवटचा, तोही माझा. मी पत्ता उचलते... तर सेनापती! फर्गस छताकडे बघतोय. तेवीता उभाच राहिला. "मावशी, टाक! टाक! जिंकलो!"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? गोष्टीत बसत नाही ना!

फर्गसने कपाळ टेबलावर टेकलं. तेवीता म्हणाला, "मग बसव! मावशी, तुला येतं. बसव त्याला!"

मी डोळे मिटले. म्हटलं, बरं. हा त्या बहिणीचा मुलगा. लहान वयात तळं ओलांडून गेला, पोटासाठी, परक्या राजाच्या चाकरीत. मोठा झाला, चिलखत मिळालं, मान मिळाला. दर हिवाळ्यात म्हणतो, पुढच्या हिवाळ्यात घरी. आई काठावर बसून असते, कुठली होडी दिसली की उठते, तो नाही म्हटल्यावर बसते... शेवटी त्यानेच मावशीला निरोप धाडला, ये, मला पलीकडे सोड, आईचा चेहरा विसरत चाललोय. किती वेळ बोलले कोण जाणे. खोलीत धुकं शिरल्यासारखं झालं होतं, वल्ह्याचा आवाज येत होता, आणि या खेपेला तो तिघांनाही येत असावा. चीज रोल गार झाले. म्हटलं, तर आता तो आलाय, टाकते हं! आणि पत्ता उचलला, तर माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलेलं.

"नको," तेवीता म्हणाला.

"अरे, जिंकतोय आपण!"

"टाकलास की तो मरतो. पत्त्यावर लिहिलंय, सैन्य उडतं आणि तोही जातो."

"पत्ता म्हणजे पत्ता रे!" कोण म्हणालं? मी! मी म्हणाले हो!

"आईपाशी पोचायच्या आधी मरतो? नाही मावशी. गोष्टीत बसत नाही." आणि अख्खी मेंढी एका हाताने उचलणारा माणूस बाहीने डोळे पुसायला लागला!

फर्गस बिचारा ओरडतोय, "जिंकायची शक्यता शंभर टक्के! आयुष्यात पहिल्यांदा उत्तर शंभर टक्के आलंय रे!" ऐकतंय कोण? सेनापती हातात राहिला, सैन्य चालून आलं, होडी बुडाली. सहाव्यांदा हरलो. गार चीज रोल खाल्ले तिघांनी. मला फार वाईट वाटलं हो, त्याची एकच मागणी होती. मंगळवारी तो गेला.

परवा ब्रिस्बेनहून फोन. म्हटलं, कसा आहेस रे, खेळायला कुणी मिळालं का? तर म्हणे मिळालं, चौघं आहेत, चांगली आहेत. आणि मग नाक ओढायला लागला. म्हटलं, काय झालं? तर रडव्या आवाजात म्हणतो, "मावशी, ही माणसं जिंकतात गं. दर रविवारी जिंकतात. मी काय करू?"

आता काय सांगणार? म्हटलं, परका देश आहे बाबा... सहन कर!