डुप्लिकेट बॅटरी आणि आबा

वडिलांच्या खरेपणाचा कंटाळा कधी आलाय का? मला फैजपूरच्या एका लग्नात आला. आबा म्हणजे माझे वडील, जामनेरचे फोटोग्राफर. ऐन मंगलाष्टकांत त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. मी डुप्लिकेट घातली. कॅमेऱ्याने स्क्रीनवर इंग्रजीत विचारलं, बॅटरी आमच्याच कंपनीची आहे का?

"काय म्हणतो रे तो?"

मी सांगितलं. आबांनी 'नाही' दाबलं. कॅमेरा बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा 'नाही'. तिकडे नवरीने हार घातलासुद्धा.

"आबा, मशीनशी खोटं बोलायला काय जातं तुमचं?"

"कॉलेज सोडून दोन वर्षं रोज 'कॉलेजला चाललो' म्हणायचा तू. घरात एक पुरे."

मी कॅमेरा हिसकावला, 'हो' दाबलं आणि नवरदेवाचा हार टिपला. सवय होतीच.