खांद्यावरचा हात

आईचा फोटो फ्रेमसाठी घेऊन मी मुलुंडच्या स्टुडिओत थांबले होते. माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची मुलगी होती. स्टुडिओवाल्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"काकूंच्या डोळ्यांखालचं काळं कमी केलंय, काका. गोरं नाही केलं, नॅचरल ठेवलंय."

"छान. पण खांद्यावरचा हात कुठे गेला?"

"काढला ना. कोणाचा होता?"

"माझा."

"बाबा, तेराव्याला हार घालायचाय या फोटोला. जिवंत माणसाचा हात कसा ठेवणार?"

"बरं, नको ठेवू. पण हाताखाली पदर दबला होता, तो का रे सरळ केलास?"

"इस्त्रीचा वाटतो, काका. झकास!"

"हात गेला तर गेला. पदर होता तसा दबलेलाच राहू दे."