रिलीव्हर न आल्याबाबत

मी टिकाराम शंकर खोब्रागडे, वय ६३, धंदा निवृत्त दरबान, राहणार अधारताल, जबलपूर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, हवालदार मनीषाताईंना मराठी येते, म्हणून जबाब मराठीत देत आहे.

माझी बायको गीताबाई दोन वर्षांपूर्वी वारली. मी मुलगा प्रितम आणि सून भावना यांच्याकडे राहतो. दोघेही चांगले आहेत. मोबाईलवर असतात.

आज सकाळी भावनाने मला सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये नेले. तिथे समिधा नावाची कलाकार मुलगी खुर्चीवर बसली होती आणि समोर एक खुर्ची रिकामी होती. पाटीवर लिहिले होते की समोर बसा, बोलू नका, डोळ्यांत पाहा. समोर कोणी असेपर्यंत कलाकार उठणार नाही. भावना म्हणाली, "बाबूजी, दोन मिनिटं बसा ना, मी फोटो काढून राहिली." मी ११.१० ला बसलो. फोटो काढून ती बाजारात गेली.

मी चौतीस वर्षे खमरियाला कारखान्याच्या गेटवर ड्युटी केली. रिलीव्हरने, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाने, सही केल्याशिवाय एकदाही गेट सोडले नाही. बोलायची मनाई असल्याने मी हॉलमध्ये मिळालेल्या पत्रकाच्या मागे 'चार्ज घेतला, नाव, वेळ, सही' असे लिहून रांगेतल्या लोकांपुढे धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सही कोणी करेना. मग मी उठणार कसा?

१.३० ला मुलीच्या पोटातून आवाज आला. मी सोबत आणलेला डबा उघडून एक पोळी आणि वांग्याची भाजी पुढे केली. तिने खाल्ली, मीही खाल्ली. तिने नजर हटवली नाही. गीताबाई गेल्यापासून इतका वेळ माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते. मला फार बरे वाटले, हे लिहून घ्यावे.

चारला आयोजक केतनजींनी कार्यक्रम संपल्याचे सांगितले. मी कागदावर लिहून लेखी ऑर्डर मागितली. त्यांनी माझी खुर्ची काढून नेली, तेव्हा मी तिच्यासमोर तिथेच उभा राहिलो. मुलगीही उठेना. मग त्यांनी पोलीस बोलावले आणि मी कलाकाराला ओलीस धरून जेवू घातले, अशी तक्रार दिली. पोलीस आल्यावर समिधाने माझ्या हातातला कागद घेऊन स्वतःच सही केली. वेळ टाकली ५.२०. म्हणाली, "चार्ज घेतला काका. आता जा." तिच्यावर माझी काही तक्रार नाही.

तक्रार असल्याने पोलिसांनी मला ठाण्यात आणले. सहाला इथून प्रितमला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? चलो, येतो मी." आता ७.४० झाले आहेत.

वरील मजकूर मनीषाताईंनी मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मला न्यायला जो कोणी येईल, त्याची वेळ टाकून सही घ्यावी. तोवर मी इथेच बसलो आहे.